शार्दँचा कित्ता

लहानपणी मास्तर पाटीवर ठळक अक्षर काढून देत आणि आपण त्यावरून पेन्सिल फिरवीत बसायचे, हे आमच्या पिढीतील वाचकांना नव्याने सांगायला नको. 'ग म भ न' यांपासून आरंभ होई. दहा वेळा, वीस वेळा तेच अक्षर. गिरवता गिरवता हाताला वळण लागे, आणि एके दिवशी मास्तरांचे अक्षर पुसून टाकले तरी आपले अक्षर आपल्या पायांवर उभे राही. गाण्यातही तेच. गुरूने घेतलेली तान शिष्य शेकडो वेळा घोटतो, आणि त्याला कोणी चोर म्हणत नाही. चित्रकलेच्या बाबतीत मात्र आपला समज नेमका उलटा. दुसऱ्याच्या चित्रावरून चित्र काढले की 'ही तर नक्कल!' म्हणून आपण नाक मुरडतो. परवापरवापर्यंत आम्हीही असेच नाक मुरडणाऱ्यांपैकी होतो. हा समज कसा गेला आणि त्यासाठी अडीचशे वर्षांपूर्वीचा एक फ्रेंच म्हातारा आमच्या बडोद्याच्या घरी तीन महिने कसा मुक्कामाला राहिला, त्याची ही हकीकत.

शाळेत असताना आम्ही ड्रॉइंगच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. पुढे नोकरी, संसार, बदल्या यांत रंगांची पेटी माळ्यावर गेली. निवृत्तीनंतर ती खाली काढली ती एका निश्चित हेतूने. आमच्या मातोश्री सत्त्याऐंशी वर्षांच्या. त्यांना काचबिंदू आहे. या रोगात दृष्टी कडेकडेने मिटत येते आणि मधोमध एका झरोक्याएवढे दिसत राहते. गेलेली दृष्टी परत येत नाही. औषधाचे थेंब घालायचे ते उरलेली टिकावी म्हणून, हे डॉक्टरांनी आम्हांला स्पष्ट सांगितले होते. आईचे फोटो घरात पुष्कळ आहेत, पण सगळे लग्नामुंजीतले, घोळक्यातले. तिचे एक व्यक्तिचित्र आपण स्वतः काढावे, आणि तिला दिसते आहे तोवर ते तिच्या हाती द्यावे, एवढीच इच्छा होती.

तीनदा बसवून काढले. तिन्ही वेळा फजिती झाली. नाक तिचे, कपाळ तिचे, कुंकू तिचे. सगळे अवयव ओळखीचे आणि चेहरा मात्र परका. शेवटी शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या एका वृद्ध ड्रॉइंग मास्तरांकडे तिन्ही कागद घेऊन गेलो. त्यांनी ते उन्हाकडे धरून पाहिले आणि म्हणाले, "अहो, तुम्ही आईंकडे पाहतच नाही. तुम्हांला त्या पाठ आहेत. पाठ असलेले माणूस काढता येत नसते. आधी एक अनोळखी चेहरा काढा, आणि तोही एखाद्या थोर माणसाने पाहून ठेवलेला."

"म्हणजे नक्कल?"

"कित्ता म्हणा. तीन महिने लागतील."

तीन महिने! ज्या घरात डोळ्यांच्या थेंबांच्या वेळा घड्याळाशी बांधलेल्या, तिथे तीन महिने कुणा परक्याच्या चेहऱ्यावर घालवायचे, हे मनाला पटेना. मास्तर मात्र ठाम होते. "चौथे चित्र आत्ता काढाल तर तेही असेच होईल. वेळ वाचवायचा असेल तर तो इथेच घालवा," असे सांगून त्यांनी पुस्तकांच्या कपाटातून एक छापील चित्र काढून आमच्या हाती दिले.

डोळ्यांवर झापड लावलेला चित्रकार

ते चित्र होते झाँ सिमेआँ शार्दँ या फ्रेंच चित्रकाराचे, त्याने स्वतःच स्वतःचे काढलेले. साल १७७५, चित्रकाराचे वय पंचाहत्तर. डोक्याला पांढरे फडके गुंडाळलेले, त्यावर डोळ्यांना उजेड लागू नये म्हणून हिरवट झापड, नाकावर चष्मा, गळ्याभोवती सैलसा रुमाल. ना राजवेष, ना केसांचा टोप. घरात काम करता करता कोणी हाक मारली आणि म्हाताऱ्याने मान वळवून पाहिले, असा सगळा थाट.

शार्दँचा जन्म पॅरिसमधला, १६९९ सालचा. वडील सुतार, बिलियर्डची टेबले बनवीत. मुलाने उभ्या आयुष्यात राजे आणि रणांगणे रंगविली नाहीत. तांब्याचे पातेले, पाण्याचा पेला, पाव, मासे, पत्त्यांचा बंगला रचण्यात गढून गेलेला मुलगा, घरकाम करणाऱ्या बायका, हे त्याचे विषय. हे सारे त्याने तैलरंगात केले. उतारवयात डोळे अधू झाले, प्रकृती साथ देईना आणि तैलरंगांचे काम झेपेनासे झाले. तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने हाती रंगखडू, म्हणजे पेस्टल, घेतले. जे माध्यम त्याने जन्मभर जवळजवळ वापरले नव्हते, त्यातील चेहरे त्याने १७७१ च्या प्रदर्शनात मांडले. पुढच्याच वर्षी त्याचा चित्रकार मुलगा व्हेनिसमध्ये पाण्यात बुडून गेला. त्यानंतर तीन वर्षांनी काढलेला हा चेहरा. १७७९ च्या डिसेंबरात शार्दँ वारला. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात हे चित्र आहे. माप अवघे ४६ बाय ३८ सेंटिमीटर. सेझानसारख्या चित्रकारानेही १९०४ साली एका तरुण मित्राला लिहिलेल्या पत्रात या झापडवाल्या म्हाताऱ्याची आवर्जून आठवण काढली होती.

मास्तरांनी हेच चित्र का निवडले, ते हळूहळू ध्यानात आले. पेस्टलच्या इतिहासात अधू डोळ्यांची माणसे पुन्हा पुन्हा भेटतात. व्हेनिसची रोझाल्बा कारिएरा १७२० साली पॅरिसला आली आणि तिने त्या शहराला पेस्टलच्या व्यक्तिचित्रांचे वेड लावले. अखेरीस ती आंधळी झाली. पुढच्या शतकातील देगा याचीही दृष्टी अधू होत गेली, आणि त्याचे पेस्टलवरचे प्रेम वाढत गेले. या देगाने अठराव्या वर्षी, १८५३ साली, लूव्रमध्ये जुन्या चित्रांवरून चित्रे काढण्याचा परवाना घेतला होता. तिथे आजही असे परवाने मिळतात. त्यांतली एक अट अशी की मूळ चित्राच्या मापाची प्रत करायची नाही, म्हणजे कोणी फसवणूक करू नये. आम्हीही ती अट पाळली आणि आपला कागद ३६ बाय ३० सेंटिमीटरचा कापला.

खडूची जात

मुले शाळेत वापरतात ते मेणाचे किंवा तेलाचे खडू वेगळे. इथे जे हवेत ते कोरडे, भुसभुशीत रंगखडू. रंगाची पूड, खडूची पांढरी माती आणि ती जेमतेम एकत्र राहील एवढाच डिंक, असा हा साधा प्रकार. तेल नसल्यामुळे ते पिवळे पडत नाहीत, वाळण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि खडू ठेवून चहाला उठले तरी काम बिघडत नाही. थकल्या माणसाला यापेक्षा सोयीचे माध्यम नाही. दोष एकच, पण मोठा: रंग कागदाला चिकटत नाही, कागदाच्या दाण्यांत नुसता अडकून बसतो. बोट लागले की निघाला. म्हणून अशी चित्रे काचेआड ठेवावी लागतात, आणि तीही काचेला चित्र टेकणार नाही इतके अंतर सोडून.

कागद मास्तरांनी पांढरा घेऊ दिला नाही. अठराव्या शतकातले चित्रकार बहुधा निळसर कागदावर काम करीत. आम्हांला राखी रंगाचा दाणेदार कागद मिळाला. कारण सोपे आहे. पांढऱ्या कागदावर प्रत्येक रंग काळपट वाटतो आणि हात भितो. मधल्या रंगाच्या कागदावर अंधारही चढवता येतो आणि उजेडही; कागद स्वतःच मधली छटा सांभाळतो.

पहिला आठवडा नुसत्या कोळशाच्या कांडीत गेला. छापील चित्रावर आणि कागदावर सारख्या संख्येच्या चौकटी आखल्या. मग मास्तरांनी चित्र चक्क उलटे ठेवायला लावले, डोके खाली आणि गळा वर. असे केले की 'हे नाक', 'हा डोळा' ही नावे गळून पडतात. उरतात ते तिरपे डाग आणि वाकड्या रेषा. आम्ही प्रथमच नाकाऐवजी नाकाखालची सावली काढली. कागद सुलटा केला तेव्हा नाक आपसूक तिथे होते!

दुसरा धडा डोळे किलकिले करून पाहण्याचा. पापण्या अर्ध्या मिटल्या की तपशील विरघळतात आणि चेहऱ्याचे तीन भाग उरतात: अंधार, उजेड आणि मधला संधिप्रकाश. या तीनच छटांत आधी सगळे चित्र उभे करायचे. कठीण खडू आधी, मऊ नंतर. गडद आधी आणि लख्ख उजेडाचे ठिपके सगळ्यांत शेवटी. हा क्रम चुकला की कागदाचे दाणे भरून जातात आणि पुढचा रंग घसरू लागतो.

तो चुकला नसता तर आम्ही विद्यार्थी कसले! गाल जमेना, तेव्हा आम्ही बोटाने रंग चोळून एकजीव केला. मऊ, गुळगुळीत, सुंदर! मास्तर म्हणाले, "मैद्याची पुरी झाली." खरेच, त्या गालाखाली हाड नव्हते, रक्त नव्हते. मग कोरड्या ब्रशाने सगळा रंग झाडून काढावा लागला, आणि चार दिवसांचे काम फडक्यावर आले. (खडूची पूड फुंकू नये, काही रंग विषारी असतात. ओल्या फडक्याने टिपावी.) छापील चित्र भिंगाखाली धरले तेव्हा शार्दँची रीत दिसली. त्याने रंग एकमेकांत कालवून टाकलेले नाहीत. तुटक तुटक रेघा शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, आणि त्यांचा मेळ पाहणाऱ्याच्या डोळ्यात बसतो. हाताच्या अंतरावर खडूचे फराटे. दहा पावले मागे गेलो की जिवंत कातडी.

हे छापील चित्रावरून पुरते कळेना, म्हणून मास्तर आम्हांला सयाजीबागेतील संग्रहालयात घेऊन गेले. सयाजीराव महाराजांनी जमविलेल्या युरोपीय चित्रांची वीथी तिथे १९२१ पासून खुली आहे. ज्याला बोट गाठून विलायतेस जाणे शक्य नव्हते, त्याला जुन्या युरोपचे रंगकाम इथेच पाहायला मिळाले. याच शहरात १८९० साली कलाभवन निघाले. १९५० साली विद्यापीठात ललितकला विभाग सुरू झाला आणि मूळचे इंदूरचे आपले नारायण श्रीधर बेंद्रे तिथे शिकवू लागले. एवढा वारसा दाराशी असताना आम्ही त्या वीथीत मुलांची सहल घेऊन गेलो होतो, तेवढेच. या वेळी तासभर तैलचित्रांपुढे पुढे-मागे चालण्याचा व्यायाम केला. रखवालदार आमच्याकडे संशयाने पाहत होता.

सर्वांत अधिक शिकवले ते शार्दँच्या चष्म्याने. आम्ही दोन नीटस वर्तुळे काढली. चेहऱ्यावर कोणी सायकल टेकवून ठेवली आहे, असे दिसू लागले. कारण चष्मा गोल असतो हे आम्हांला ठाऊक होते, पण चित्रात तो तसा दिसत नव्हता. त्याची कडा एका जागी चमकते, एका जागी सावलीत पार बुडते, आणि मन ती जागा भरून काढते. डोळ्याचे पांढरे बुबुळाभोवती पांढरे नसतेच. झापडेच्या सावलीत ते राखी होते. पांढऱ्या फडक्यात निखळ पांढरा रंग जेमतेम दोन-चार ठिकाणी. तीन महिन्यांत आम्हांला जे मिळाले ते हेच: जे ठाऊक आहे ते बाजूला ठेवून, जे दिसते आहे ते मांडणे. मास्तरांच्या 'पाठ आहेत' या शब्दांचा अर्थ तेव्हा उमगला.

"मोतीबिंदू का यांना?"

चित्र पुरे होत आले असताना एक दिवस आई काठी टेकीत खोलीत आली. तिच्या त्या झरोक्याएवढ्या दृष्टीतून तिने चित्र तुकड्यातुकड्याने पाहिले, आधी रुमाल, मग हनुवटी, मग चष्मा, आणि झापडेपाशी येऊन थांबली.

"हे आजोबा कोण रे? मोतीबिंदू का यांना?"

आम्ही सांगितले की हे फ्रान्सचे चित्रकार, डोळे अधू होते.

"आमच्या अण्णांना ऑपरेशननंतर अशीच हिरवी पट्टी दिली होती. कपाळावरून लोंबायची. आम्ही भावंडं हसायचो त्यांना." मग थोडे थांबून ती म्हणाली, "यांनी स्वतःच काढलंय का हे? असे डोळे असून?"

"हो."

"मग बसते मी उद्यापासून."

आधीच्या तीन बैठकींना ती नाखुशीने बसली होती, हे तिने तोवर आम्हांला कळू दिले नव्हते. अधू डोळ्यांचा चेहरा काय काढायचा, असे तिला वाटत असावे. शार्दँच्या झापडेने तो संकोच घालविला.

कित्ता संपतो तिथे

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शार्दँचे रंग आईच्या चेहऱ्याला चालले नाहीत. विकतच्या पेटीत 'कातडीचा रंग' म्हणून जो गुलाबी खडू येतो, तो आपल्याकडच्या कुणाच्याही कातडीचा नसतो. आम्ही दोन दिवस शार्दँच्या गुलाबी-राखी छटा लावीत बसलो आणि आईला पावडर फासल्यासारखी दिसू लागली. मग गेरू, पिवळी माती, वाळूच्या रंगाचा खडू, सावल्यांत गडद जांभळा आणि जबड्याखाली हिरवट, असे एकेक शोधत गेलो. कपाळावर उजेड पडतो तिथे तपकिरीवर निळसर झाक येते, हे साठ वर्षे तो चेहरा पाहून आम्हांला ठाऊक नव्हते. तिच्या चष्म्याची डावी कडा आम्ही काढलीच नाही. ती दिसत नव्हती. नऊवारीचा काठ चार रेघांत उरकला. कित्त्यातून रंग उचलायचे नसतात, पाहण्याची शिस्त उचलायची असते, हे मास्तरांनी सांगितले असते तर आम्ही मान डोलावली असती. पण ते कळायला गेरूचा खडू झिजवावा लागला.

अकरा बैठका झाल्या. रोज सकाळी अर्धा तास, उत्तरेच्या खिडकीपाशी. त्यापेक्षा अधिक वेळ तिला बसवत नसे. बोलणे चालू असे. अण्णांची हिरवी पट्टी, माहेरची विहीर, कोणत्या वर्षी कोणते बाळंतपण. एवढे सलग ऐकणे आमच्याकडून आजवर झाले नव्हते. चेहरा हळूहळू आला. अवयव पूर्वीइतके काटेकोर नव्हते, तरी माणूस तेच होते.

काच बसवून आणली त्या दिवशी ती तिच्या हाती दिली. तिने चौकट नाकाजवळ धरली आणि मान वळवीत वळवीत, तो झरोका फिरवीत, पाहू लागली. सगळा चेहरा एकदम दिसणे तिला आता शक्य नव्हते, हे आम्ही जाणून होतो. कपाळ झाले, कुंकू झाले. नाकापाशी ती बराच वेळ थांबली.

"हे तर माझ्या आईचं नाक," ती म्हणाली. "तिचा एकही फोटो नव्हता रे आपल्याकडे."

आमची आजी आम्ही पाहिलेली नाही. ती चित्रात कुठून आली, हे आम्हांला सांगता येणार नाही.

शार्दँची प्रत आमच्या मागच्या खोलीत टांगली आहे. तिच्या पाठीवर 'शार्दँच्या १७७५ च्या चित्रावरून' असे स्वच्छ लिहिले आहे. कित्त्याखाली मास्तरांचे नाव असलेच पाहिजे. आईचे चित्र तिच्या पलंगासमोर आहे, ऊन पोहोचणार नाही अशा भिंतीवर.

वाचकहो, तुमच्याही घरी माळ्यावर एखादी रंगांची पेटी असेल आणि ओसरीवर एखादे वृद्ध माणूस बसलेले असेल. चार-सहा खडू, दाणेदार राखी कागद आणि एखाद्या जुन्या गुरूचे चांगले छापील चित्र, एवढ्यावर आरंभ करता येतो. चित्र बिघडले तर बिघडू द्या. मात्र कित्ता गिरवण्यात गेलेला वेळ वाया गेला, असे मानू नका. आणि तो गिरवायला फार उशीरही करू नका.